थोरलीच्या मानेची दोन बेअरिंगं

थोरली घरात आली तेव्हा धाकटीचा जन्मही झाला नव्हता, म्हणून ती थोरली. धाकटी म्हणजे सासरेबुवांची एकुलती एक लेक, आणि थोरली म्हणजे त्यांचा बर्फाच्या लाद्या वाहणारा ट्रक. एकीवर त्यांचं प्रेम होतं, दुसरीवर जीव होता. कुणावर काय, ते धाकटीला विचारू नका, अजून नाक ओढायला लागते. जावईबापू घरजावई. त्यांनी लग्न केलं धाकटीशी, पण एकवीस वर्षं ज्या मेहुणीपुढे दबून राहावं लागलं ती ही सहा चाकांची.

सासरेबुवा गेले, बर्फाचा कारखाना गेला, थोरली मात्र अंगणात ठाण मांडून. महिन्यातून एका रविवारी सासूबाई केस विंचरून तिच्यात चढायच्या आणि जुन्या कारखान्यापर्यंत एक चक्कर मारून यायच्या. चालवायचे जावईबापू. चक्कर कसली, परीक्षाच. "ह्यांनी इथे तिसरा गिअर घातला असता," "ह्यांना इथे ब्रेक लागायचा नाही," असं जाताना, आणि येताना उलट्या क्रमाने तेच.

तर थोरलीची मान ढिली झाली. मान म्हणजे स्टिअरिंगचा दांडा. हातातलं चाक फिरवलं की तो आधी विचार करायचा, मग कुरकुर करायचा, आणि मनात आलंच तर पुढची चाकं वळवायचा. चौकात वळायचं असेल तर दोन दुकानं आधीपासून फिरवायला घ्यावं लागे. चौकातला न्हावी शपथेवर सांगतो, थोरलीचं चाक फिरताना दिसलं की तो गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावायला घ्यायचा, आणि ती खरोखर वळायची तोवर दाढी होऊन माणूस आरशात बघत असायचा.

गाड्यांच्या तपासणीच्या साहेबांना एवढा वेळ नव्हता. त्यांनी कागदावर लिहिलं, "स्टिअरिंग ढिलं, खेळ फार. पंधरा दिवसांत दुरुस्ती, अन्यथा नोंदणी रद्द." म्हणजे पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी पाचच्या आत पास, नाहीतर थोरली भंगारात. कागदाची शाई वाळते न वाळते तोच भंगारवाला येऊन, "सहज आलो होतो," म्हणत तिची लांबी टेपने मोजून गेला.

मिस्त्री म्हणाला, "काही नाही साहेब, दांड्याची दोन बेअरिंगं गेलीत. वरचं एक, खालचं एक. बदलली की झालं. पण तीन आठवडे माझा हात रिकामा नाही."

"अहो, पंधराच दिवस आहेत!"

"मग पंधरा दिवसांत हात रिकामा असलेला मिस्त्री शोधा. तो चांगला नसणार, एवढं आधीच सांगतो."

त्यापुढचे नऊ दिवस जावईबापूंनी गावभर चौकशी केली आणि मिस्त्री खरं बोलला होता याची खात्री करून घेतली. मुदतीच्या आदल्या शुक्रवारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे भंगारात. हे असते तर एका दुपारात केलं असतं. पण आता घरात पुरुषमाणूस कोण आहे?"

समोर वरणभात कालवत असलेल्या पुरुषमाणसाचा घास हातातच राहिला.

"मी करतो," जावईबापू म्हणाले. "दोन बेअरिंगं तर बदलायचीत. एका दुपारचं काम."

स्वयंपाकघरातला नळसुद्धा ठिबकायचा थांबला. जावईबापू पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात रेकॉर्ड सांभाळायचे. त्यांच्या हाताने आजवर उघडलेलं सर्वांत अवघड यंत्र म्हणजे स्टेपलर.

"अहो, तुम्हाला बल्ब..." बायको म्हणायला लागली.

"बल्बचा होल्डर सदोष होता."

"करू दे गं," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या. "फक्त ह्यांच्या हत्यारांवर नजर ठेव. तुझ्या लग्नाच्या वर्षी ह्यांचा कातडी पट्टा गेला. घोड्याच्या तोंडाचं पितळी बक्कल होतं. मी कुणाचं नाव घेत नाही. त्या वर्षी घरात नवीन माणूस एकच आलं होतं, एवढंच म्हणते."

पट्टा हा असा. एकवीस वर्षांत डबा हरवो, छत्री हरवो, शेवट पट्ट्यावरच यायचा. जावईबापूंची कंबर तेव्हा अठ्ठावीस इंच होती आणि सासरेबुवांची चव्वेचाळीस. तो पट्टा त्यांनी चोरला असता तर खांद्यावरून घ्यावा लागला असता. पण हा मुद्दा मांडला की सासूबाई म्हणायच्या, "आम्ही कुठे म्हटलं तुम्ही वापरलात?"

शनिवारी रजा टाकून जावईबापू कामाला लागले. आता दांड्यापर्यंत पोचायचं तर आधी हातातलं गोल चाक उपसायला लागतं. त्यासाठी पुलर नावाचं हत्यार असतं, आणि ते मिस्त्रीकडे होतं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, बायको आणि पुलर मागू नका."

मधला मोठा नट काढायलाच दोन तास गेले. नट निघाला, चाक ढिम्म. एवढ्यात कुंपणावरून शेजारचे दाताचे डॉक्टर डोकावले. शनिवार-रविवार त्यांना दुसऱ्याच्या कामात तोंड घालायची फार हौस. आठवडाभर तेच करतात म्हणा.

"साहेब, ओढू नका नुसतं. आधी हलवायचं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. मुळं सैल झाली की एक झटका. पेशंटला कळतसुद्धा नाही."

"ह्याला मुळं आहेत?"

"सगळ्यालाच असतात. हं, हलवा. पाय समोर टेका. तोंडाने श्वास घ्या."

जावईबापूंनी डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं, दोन्ही पाय टेकले आणि सासऱ्यांचं नाव घेऊन झटका दिला. चाक निघालं. नुसतं निघालं नाही, जावईबापूंना घेऊन निघालं. खरं तर मधला नट दोन आटे तसाच ठेवायचा असतो, म्हणजे चाक सुटून तोंडावर येत नाही. हे मिस्त्रीने सांगितलं, पण सोमवारी. शनिवारी चाक सुटून तोंडावर आलं. जावईबापू सीटवरून उताणे, छातीवर चाक, आणि समोरच्या दाताचा एक तुकडा थोरलीच्या पायदानावर.

डॉक्टर कुंपण ओलांडून धावत आले. आधी चाक बघितलं, मग तोंड बघितलं, आणि समाधानाने म्हणाले, "बघा, अख्खं निघालं! चाक म्हणतोय मी. दाताचं पुढच्या आठवड्यात बघू. हा आठवडा फुल आहे."

तेव्हापासून जावईबापूंच्या तोंडून 'स' निघाला की बारीक शिट्टी वाजायला लागली. आणि काम होतं स्टिअरिंगचं, बोलायचं होतं सासूबाईंशी. पहिल्या 'सासूबाई'ला शेजारचा कुत्रा शेपूट हलवत आला.

रविवारी त्यांनी आतले भाग काढायला घेतले. इथे मात्र त्यांचं ऑफिस मदतीला आलं. निघालेल्या प्रत्येक भागाला त्यांनी नंबराची चिठ्ठी बांधली, वहीत नोंद केली, पुढे शेरा मारला. "क्र. १, नट, मोठा, हट्टी." "क्र. ९, स्प्रिंग, अंगावर उडाली." असे तेवीस भाग जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. घरातल्यांना चार दिवस उभ्याने जेवायला लागलं. क्रमांक सतरा मंगळवारी गायब झाला तो दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणाला वजन म्हणून सापडला. जावईबापूंनी बायकोकडे लेखी खुलासा मागितला. बायकोने तो तोंडी दिला, आणि तो इथे सांगण्यासारखा नाही.

वरचं बेअरिंग निघालं. गोळ्या झिजून साबुदाण्याएवढ्या झालेल्या. मग जावईबापू थोरलीच्या पोटाखाली शिरले, खालचं बेअरिंग काढायला. टॉर्च दातात धरायची सोय आता नव्हती, ती कानाशी दाबून धरली. नळीच्या तोंडात बोट घातलं तर हाताला लागलं काहीतरी मऊ. बेअरिंग मऊ नसतं, एवढं त्यांनाही माहीत होतं. त्यांनी ओढलं. ते आलं. आणखी ओढलं, आणखी आलं. ग्रीस खाऊन काळंकुट्ट झालेलं, दांड्याभोवती चार वेढे घालून घट्ट बसवलेलं. आणि शेवटी खण्णकन छातीवर पडलं ते घोड्याचं पितळी तोंड.

घोडा त्यांच्याकडे बघत होता, ते घोड्याकडे.

खाली बेअरिंग नव्हतंच! ज्या सासरेबुवांनी म्हणे कधी तात्पुरतं काम केलं नाही, ज्यांच्या नावाने या घरात खिळासुद्धा सरळ ठोकायला लागतो, त्यांनी बेअरिंगच्या जागी कमरेचा पट्टा गुंडाळून एकवीस वर्षं काम भागवलं होतं!

आता कुणीही माणूस ओरडत बाहेर आला असता. पण जावईबापू रेकॉर्डवाले. पुरावा हातात आला म्हणून लगेच दाखवायचा नसतो, योग्य तारखेला सादर करायचा असतो. त्यांनी पट्टा पुसला, गुंडाळला, पँटच्या खिशात घातला. वहीत लिहिलं, "क्र. २४, गोपनीय."

सोमवारी स्पेअर पार्टच्या दुकानात वरच्या बेअरिंगचा जोडीदार मिळाला. दुकानदाराने गाडीचं साल विचारलं, ते ऐकून आतल्या आपल्या वडिलांना बाहेर बोलावलं, वडिलांनी जावईबापूंशी हात मिळवला. मग दुकानदार म्हणाला, "आता खालच्याचा नमुना दाखवा."

जावईबापूंचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. "नमुना... सापडत नाही."

"मग माप आणा."

मापाचं काम बायकोने केलं. गाडीखाली सरपटत गेली, दांड्याला दोरा गुंडाळला, पट्टीवर मोजला, बाहेर येऊन आकडा सांगितला आणि पोळ्या लाटायला गेली. सगळ्या प्रकरणात पहिल्याच प्रयत्नात नीट झालेलं हे एकमेव काम, म्हणून त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. बेअरिंग बुधवारी आलं. कुठल्याशा पाण्याच्या पंपाचं होतं, पण बसलं चपखल.

सोमवारीच तपासणीच्या ऑफिसात शुक्रवारची वेळ घ्यायची होती. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "दुरुस्ती कुणी केली?"

"स्वतः," जावईबापू म्हणाले. शिट्टी वाजली. कारकुनाने मागे वळून चहाच्या किटलीकडे बघितलं.

"गॅरेजचा परवाना?"

"नाही."

"मग दुरुस्ती झालेली नाही."

"झालेली नाहीच. करतोय."

"मग आधी कशाला आलात? स्वतः केलेल्या दुरुस्तीचा वेगळा फॉर्म असतो. तो कपाटात आहे. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर आहेत. पुढच्या आठवड्यात या."

दुसरा कुणी असता तर हात जोडले असते, नाहीतर उगारले असते. जावईबापूंच्या डोळ्यांत मात्र ओलावा आला. एकतीस वर्षं हेच वाक्य, याच आवाजात, खिडकीच्या पलीकडून ते स्वतः म्हणत आले होते. इकडून ते इतकं वाईट ऐकू येतं, याची त्यांना कल्पना नव्हती. ते खिडकीजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "उजवीकडचा वरचा खण. पंचिंग मशीनच्या खाली."

कारकून पांढरा पडला. त्याने खण उघडला. किल्ली तिथेच होती.

"साहेब, तुम्ही कुठल्या खात्यात?" असं म्हणत त्याने फॉर्म काढला, स्वतःच भरला, आणि पावती दोन्ही हातांनी दिली. "फक्त ही सांभाळा. साहेब आधी पावती मागतात. पावती नाही तर गाडी नाही."

गुरुवारी जोडणी. जावईबापूंनी वही उघडली, क्रमांक एक घेतला, तो बसवला. क्रमांक दोन म्हणजे गोल चाक. ते काही केल्या बसेना, कारण मध्ये क्रमांक एक होता. तासभर झटापट झाल्यावर बायको चहा घेऊन आली, वही बघितली, दांडा बघितला.

"अहो, काढताना जो पहिला निघाला तो बसवताना शेवटी. तुम्ही आधी चपला घालून मग मोजे चढवताय."

"ऑफिसात एक नंबर नेहमी आधीच येतो," जावईबापू ताठ मानेने म्हणाले, आणि तेविसापासून सुरुवात केली.

संध्याकाळी सहाला थोरली पुन्हा एकसंध झाली. चाक फिरवावं तर लोण्यासारखं. फिरवल्याबरोबर वळायची! जावईबापूंनी डावीकडे वळवलं, कौतुकाने हसले. उजवीकडे वळवलं, आणि थोरलीने हंबरडा फोडला. हॉर्न. चाक उजवीकडे आहे तोवर हॉर्न, सरळ केलं की गप्प. आणि थोरलीचा हॉर्न म्हणजे काय विचारता! बर्फाच्या काळातला. तो ऐकून तीन गल्ल्यांपलीकडचे लोक पातेली घेऊन बाहेर यायचे. गुरुवारी दोन म्हातारे खरंच आले.

"कुठेतरी तार टेकतेय," डॉक्टर कुंपणावरून म्हणाले. "नसेला धक्का लागला की पेशंट ओरडतो. पुन्हा उघडा."

जावईबापूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की डॉक्टर कुंपणामागे खाली खाली जात दिसेनासे झाले.

पुन्हा उघडायला वेळ नव्हता. शुक्रवारी दुपारी तीनला जावईबापू निघाले, बेत असा, की सगळी वळणं डावीकडची घ्यायची. उजवीकडे जायचं असलं की तीनदा डावीकडे. सासूबाई केस विंचरून शेजारी हजर. "थोरलीची शेवटची फेरी मी चुकवणार नाही," म्हणाल्या. शेवटची म्हणाल्या बरं का, मुद्दाम. मग त्या वीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला. एकाच पोस्टमनला त्यांनी चार वेळा ओलांडलं. चौथ्या वेळी त्याने हात केला.

"ह्यांना हे ऑफिस पंधरा मिनिटांत सापडायचं," सासूबाई म्हणाल्या.

"त्यांना उजवीकडे वळता यायचं," जावईबापू तुटक्या दाताच्या फटीतून म्हणाले.

फाटक आलं ते नेमकं उजवीकडे, आणि त्याला फिरून यायला डावी वाटच नव्हती. साडेचार वाजलेले. जावईबापूंनी गाडी थांबवली, कपाळ पुसलं. चाक आणि दांडा यांच्यामध्ये बोटभर फट होती. तिथे काहीतरी सरकवलं की तार टेकणार नाही, हे कळत होतं. पण काय सरकवायचं? वरच्या खिशात चाचपलं, घडी घातलेला जाड कागद हाताला लागला, तो खुपसला, वळवलं. शांतता. आहाहा, काय ती शांतता! थोरली राणीसारखी आत शिरली.

तपासणीचे साहेब चढून बसले. चाक डावीकडे फिरवलं, उजवीकडे पार टोकापर्यंत फिरवलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. "अरे वा! खेळ अजिबात नाही. कुणी केलं?"

"स्वतः," जावईबापूंनी शिट्टी घातली.

"छान. हॉर्न?" त्यांनी दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. "हॉर्न वाजत नाही तुमचा. आणि हो, पावती द्या."

जावईबापूंचा हात वरच्या खिशात गेला आणि तिथेच थिजला. जाड कागद. घडी घातलेला. सासूबाईंनी एकवार जावयाकडे बघितलं, एकवार त्या फटीकडे, आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"पावती नाही तर..." साहेब म्हणायला लागले.

"आहे," जावईबापू म्हणाले. "देतो. दोन्ही एकदमच देतो." आणि त्यांनी फटीतून पावती उपसली.

चाक उजवीकडे टोकाला होतं. थोरलीने जो गळा काढला, तो काढला! ऑफिसातल्या टेबलांवरचे कागद उडाले. साहेब लोकांनी खिडक्यांतून माना काढल्या, तो कारकून किल्ली हातात घेऊन बाहेर पळाला, रांगेतल्या एका रिक्षाचा आरसा गळून पडला.

"वाजतो!" साहेब कानांत बोटं घालून ओरडले. "कळलं! वाजतो! बंद करा!"

"शही झाली की बंद करतो!" जावईबापू ओरडले. एवढ्या गोंधळात त्यांचा 'स' पार निकामी झाला होता.

साहेबांनी कोपराने कागद दाबून धरला आणि मिळेल त्या जागी सही केली, शिक्का मारला, पावती ओढून घेतली. पाचला दहा कमी होते. पुढचं वर्षभर थोरलीकडे डोळे वर करून बघायची कुणाची टाप नव्हती.

बाहेर पडून पहिल्या झाडाखाली जावईबापूंनी गाडी उभी केली. आता तारीख आली होती. त्यांनी खिशातून पट्टा काढला, हळूहळू उलगडला, आणि घोड्याचं तोंड सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"आई, हा ओळखीचा वाटतो? थोरलीच्या मानेत होता. बेअरिंग नव्हतंच तिथे. एकवीस वर्षं."

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला, घोड्याकडे बघितलं. चेहऱ्यावर रेष हलली नाही.

"वाटतो काय? मीच दिला होता सोडून. टॉर्च धरून उभी कोण होती त्या दिवशी?"

जावईबापूंचं तोंड उघडं राहिलं. फटीतून वारा आत गेला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग मला एकवीस वर्षं..."

"त्यांनी शपथ घातली होती. बर्फवाल्याची गाडी पट्ट्यावर चालते म्हटल्यावर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. उद्या बेअरिंग आणतो म्हणाले, तो उद्या काही आला नाही. इकडे पोरगी रोज विचारायची, बाबा पँटला दोरी का बांधतात, पट्टा कुठे गेला. कुणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं. तुम्ही नवीनच आला होतात, बोलतही नव्हतात फारसं." त्या थांबल्या. घोड्याच्या नाकावरून त्यांनी अंगठा फिरवला. "बांधून वर आले तेव्हा हातभर ग्रीस. लहान मुलासारखे हसत होते बघा."

जावईबापूंच्या मनात अर्ज, निषेध, नुकसानभरपाई असं बरंच काही तयार होतं. ते तिथेच ठेवून त्यांनी गाडी सुरू केली.

"आणि घरचं वळण उजवीकडे आहे," सासूबाई म्हणाल्या. "पावती तर देऊन बसलात. आणा इकडे." त्यांनी बक्कल काढून कमरेला खोचलं, पट्टा दुमडला, आणि सराईत बोटांनी चाकाखालच्या फटीत दाबून बसवला. "हं. वळवा आता."

जावईबापूंनी उजवीकडे वळवलं. थोरली गप्प. सगळी वळणं, एकामागून एक, उजवीकडची. वीस मिनिटांत घर.

फाटकात बायको होती, कुंपणावर डॉक्टर. शिक्का मारलेला कागद हातोहात फिरला. भंगारवाला कोपऱ्यावर टेप गुंडाळत होता.

"केलं बाई जावयांनी," सासूबाई उतरता उतरता मोठ्याने म्हणाल्या. "ह्यांनी केलं असतं तसंच केलं. सगळं काढलं, सगळं बसवलं. फक्त..." त्यांनी एक उसासा सोडला. "ह्यांचा तेवढा पट्टा. त्याचं अजून काही बोलत नाहीत हो."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी बघितलं. थोरलीने बघितलं असावं.

जावईबापूंनी खिशातून वही काढली, क्रमांक चोवीसची ओळ नीट खोडली, आणि फटीतून बारीक शिट्टी वाजवत म्हणाले, "शापडला की शांगेन."